डाव्या सीटवरचा ड्रायव्हर

काळी गाडी विकल्याचं मला सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं. सकाळी मी नेहमीसारखा ओला फडका घेऊन पार्किंगमध्ये उतरलो, तर गाडीच्या जागी रिकामी फरशी. मला आधी वाटलं, सर्व्हिसिंगला गेली. मग लक्षात आलं, सर्व्हिसिंगला नेणारा तर मीच. वॉचमन म्हणाला, काल संध्याकाळी तू गेल्यावर दोघं आले, कागदांवर सह्या झाल्या आणि गाडी घेऊन गेले. त्याला माहीत होतं, वर स्वयंपाक करणाऱ्या महाराजला माहीत होतं. अकरा वर्षं जो ती गाडी चालवत होता त्याला सांगावं, एवढं मात्र कोणाला सुचलं नाही.

एकोणीस वर्षं मी सुरतेत एका मिलमालकाकडे ड्रायव्हर होतो. शेठचं घर वेसूला आणि कापड रंगवायची मिल चलथाणच्या पुढे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरं बोलेन याची खात्री नाही. आम्ही लिंबायतमध्ये राहणारी खानदेशी माणसं. अर्ध्या गल्लीतले लूमवर, उरलेले कोणी रंगाईच्या खात्यात, कोणी रिक्षावर. शेठची लांब काळी सेडान चालवणारा गल्लीत मी एकटाच. वाट बघण्याच्या या नोकरीत माणूस एक तर झोपायला लागतो, नाहीतर वाचायला. मी वाचायला लागलो, म्हणून आज हे लिहितोय.

ती गाडी शेठची होती, पण खरं म्हणजे बांची होती. बा म्हणजे शेठची आई, ऐंशीच्या पुढची, दोन्ही गुडघे गेलेले. लग्न होऊन त्या कतारगामला आल्या होत्या, आणि वेसूच्या बाराव्या मजल्यावर राहायला आल्या तरी दर सोमवारी त्यांना कतारगामचाच महादेव लागायचा. त्यांना गाडीत बसवणं हे एक काम होतं आणि ते मला येत होतं. मागच्या सीटवर मी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी पसरायचो. बा आधी पाठमोऱ्या टेकायच्या, मग मी दोन्ही पाय एकदम उचलून त्यांना पिशवीवरून अलगद आत फिरवायचो. सुनेला जमलं नाही, नातवाला जमलं नाही. बा बसल्या की म्हणायच्या, 'भाई, धीमे.' आणि मी कतारगामपर्यंत गाडी अशी न्यायचो की त्यांच्या मांडीवरच्या ताटलीतलं फूल हलायचं नाही.

आठ दिवसांनी नवी गाडी आली. हळदीसारखी पिवळी, दोन दारं, दोन सीटा, इंजिन पाठीमागे आणि उंची माझ्या कमरेइतकी. शेठला पन्नास पूर्ण झाली होती. मित्रांच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी अशा गाडीचा फोटो टाकत होता. शेठने ठरवलं, आता आयुष्य जगायचं. जगावं की. पण रविवारी हवा खायला जाण्यापुरती ही गाडी असती तर मी चकार शब्द काढला नसता. हा बाबा म्हणत होता, रोज मिलला हीच नेणार. सुरतेत. जिथे मेट्रोने अर्धे रस्ते खणून ठेवलेत आणि उरलेल्या अर्ध्यांवर ज्याला वाटेल त्याने बम्प, म्हणजे स्पीडब्रेकर, घातलेत.

त्या घरात एक रीत होती. नवी गाडी आली की बा कुंकवाने साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायच्या, चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची आणि लिंबांवरून पहिल्यांदा गाडी ड्रायव्हरने न्यायची. मग पहिला पेढा ड्रायव्हरला. आधीच्या दोन्ही गाड्यांची लिंबं मीच चिरडली होती. मी सकाळी धुतलेला शर्ट घालून गेलो. पिवळ्या गाडीचं बॉनेट इतकं खाली की बांना वाकता येईना, तेव्हा साथिया सुनेने काढला. मी दाराकडे गेलो, तर शेठ म्हणाले की भाऊ, तू बाजूला हो, हिला हात मीच लावणार, ही ड्रायव्हरची गाडी नाही. सोसायटीतली वीसेक माणसं उभी होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, याचा मला अजून राग येतो.

पेढा मला मिळाला, चौथा की पाचवा. बा खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं की सोमवारचं कसं. त्या गाडीकडे बघत म्हणाल्या, 'मने पण कोईए पूछ्युं नहोतुं.' मलाही कोणी विचारलं नव्हतं. पुढचे दोन सोमवार त्यांना मोबाइलवरून मागवलेल्या टॅक्सीत कोंबण्यात आलं. तिसऱ्या सोमवारी त्यांनी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं आणि त्यानंतर कतारगामचं नावच काढलं नाही.

मला वाटलं, आता मला नोकरीवरून काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं. शेठ म्हणाले, तुला कसं सोडणार, तू तर घरचा माणूस, तू माझ्याबरोबर बसायचं. बसायचं म्हणजे कुठे, तर डाव्या सीटवर.

का, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. सोसायटीच्या फाटकातल्या बम्पवर गाडीचं पोट खरवडलं आणि शेठचा चेहरा पडला. नाक वर करायचं बटण होतं गाडीला, पण तेवढ्याने आपल्या बम्पचं काय होतंय? मिलमधल्या सुताराकडून दोन उतरत्या फळ्या करून घेतल्या, वर रबर ठोकलं. बम्प आला की मी खाली उतरायचं, बम्पला लागून दोन चाकांसमोर दोन फळ्या मांडायच्या, पुढे उभं राहून हाताने इशारा करायचा, 'येऊ द्या, येऊ द्या,' मग वाकून पोटाखाली बघायचं. आतून शेठ विचारायचे, 'अडे छे?' टेकतंय का? मी म्हणायचो, नाही टेकत. गाडी पलीकडे गेली की फळ्या उचलायच्या आणि पळत जाऊन पुन्हा आत शिरायचं. डिकीत शेठची बॅग जेमतेम मावायची, म्हणून फळ्या माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभ्या. वेसू ते मिल, जाता-येता मिळून बावीस वेळा. मागे रिक्षावाले हॉर्न मारून मारून आमचा उद्धार करायचे. शिव्या मात्र मला, शेठच्या काचा बंद.

हे काम मी आयुष्यात आधी केलेलं होतं, म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सतराव्या वर्षी मी ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. क्लीनर म्हणजे टायर ठोकून बघणारा, काच पुसणारा, मागे उभा राहून 'आने दो, आने दो' ओरडणारा आणि उस्ताद जेवल्यावर जेवणारा. चार वर्षं मी हे केलं, कारण त्या कामाच्या शेवटी स्टीअरिंग होतं. ज्या दिवशी उस्तादने घाटाखाली ट्रक थांबवून मला उजव्या बाजूला बसवलं, त्या दिवशी मी गावी आईला फोन लावला होता. माणूस क्लीनरचा ड्रायव्हर होतो. ड्रायव्हरचा क्लीनर झालेला मी तोवर एकही पाहिला नव्हता.

आणि लोक बघत होते. पिवळी गाडी दिसली की मोटरसायकलवरची पोरं मोबाइल काढायची. एका पोराने अख्खा कार्यक्रम टिपला: मी फळ्या मांडतोय, वाकून गाडीचं पोट बघतोय, फळ्या काखेत मारून पळतोय. वर काहीतरी विनोदी संगीत. तो व्हिडिओ फिरत फिरत धुळ्याकडे माझ्या मेव्हण्याच्या मोबाइलवर पोचला आणि तिथून माझ्या बायकोच्या. ती चिडणारी बाई नाही. मी जेवायला बसलो होतो. तिने मोबाइल ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, 'तुम्ही परत किलीनर व्हयनात का?' मी म्हणालो की पगार तोच आहे. ती म्हणाली, तिने पगाराचं विचारलंच नव्हतं.

मग मी सोडलं का नाही? हा प्रश्न मला लोक विचारतात आणि मीही विचारतो. खरं उत्तर असं की मला आशा होती. हे वेड उतरेल, चार महिन्यांत शेठची पाठ दुखेल, पुन्हा एखादी साधी गाडी येईल आणि मी माझ्या जागेवर बसेन. शेठही अधूनमधून म्हणायचे की बघू, बांसाठी काहीतरी घेऊ. बघू बघू करत पाऊस गेला, दिवाळी गेली आणि चलथाणच्या साखर कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या. माझं स्टीअरिंग सुटून वर्ष होत आलं होतं.

पाठ दुखलीच. एका दुपारी मिलमध्ये खुर्चीवरून उठताना शेठची कंबर धरली ती अशी की दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर आणलं. मॅनेजर म्हणाला माझ्या गाडीतून सोडतो. शेठ म्हणाले, गाडी इथे उघड्यावर ठेवणार नाही. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. मला वाटायचं, ही वेळ आली तर मी काहीतरी लागेल असं बोलेन. मी मुकाट्याने किल्ली घेतली. कोणाला कबूल करणार नाही इतका आनंद झाला होता मला.

शेठला डावीकडे बसवलं, फळ्या त्यांच्या पायांमध्ये. ते कण्हत होते. मी उजवीकडे बसलो. आरसे लावले, सीट पुढे घेतली, पायाला ब्रेक सापडला. गाडी गुणाची होती, हे मान्य करायला हवं. उसाच्या ट्रॉलीमागून मी ती हळूहळू काढली, रस्त्यावर पडलेली उसाची टिपरं चुकवली, शेठला एक गचका बसू दिला नाही. बांची आठवण झाली.

चलथाणच्या नाक्याआधी मोठा बम्प आहे. मी गाडी थांबवली. दार उघडून उतरलो, डावीकडे जाऊन त्यांच्या पायांतल्या फळ्या घेतल्या, बम्पला नीट लावल्या, एक जरा तिरकी होती ती सरळ केली. मग बम्पच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि हात वर करून इशारा केला, 'येऊ द्या, येऊ द्या.'

गाडी हलेना. मी पुन्हा हात केला, जरा वैतागून. मागच्या ट्रॉलीवाल्याने हॉर्न दिला. मी वाकून काचेतून बघितलं तर उजव्या सीटवर कोणी नव्हतं. दार उघडंच होतं. डावीकडे शेठ कमरेला हात लावून हसत होते. कळ येत होती त्यांना, तरी हसू आवरत नव्हतं. रस्त्याकडेच्या टपरीवरची माणसंही हसायला लागली.

एका वर्षात माझं हे झालं होतं. बम्प दिसला की चालवणारा दुसरा कोणीतरी आहे, असं माझं शरीर धरून चाललं होतं. मी फळ्यांवरून गाडी काढली, उतरून फळ्या उचलल्या, वेसूपर्यंत सगळे बम्प तसेच एकट्याने पार केले आणि शेठला वर नेऊन पलंगावर टेकवलं. महाराज शेकायची पिशवी घेऊन आला. शेठचा मूड चांगला होता. म्हणाले, 'भाऊ, कालथी तू ज चलाव.' उद्यापासून तूच चालव.

एवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षभर फळ्या उचलल्या होत्या. मी किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली आणि गुजरातीतच म्हणालो, ते इथे मराठीत लिहितो.

'शेठ, आज मी रिकाम्या गाडीला हात केला. तुम्ही हसलात. माझं स्टीअरिंग तुम्ही पुन्हा देऊ शकता, माझा ड्रायव्हरचा हात कुठून देणार?'

ते म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून कोणी घरचं माणूस नोकरी सोडतं का? मी म्हणालो, घरच्या माणसाला घरातली गाडी विकल्याचं वॉचमन सांगत नाही. मग भिंतीकडे बघत त्यांनी हिशोबाचं विचारलं, मी म्हटलं मॅनेजर बघेल. बांच्या खोलीत जाऊन मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

खाली येऊन मी सिटी बस पकडली. एकोणीस वर्षांत त्या घरून मी पहिल्यांदाच बसने निघालो होतो. जागा मिळाली ती ड्रायव्हरच्या मागची. त्याचं चालवणं काही धड नव्हतं, गिअर उशिरा टाकत होता, वळणं अंगावर घेत होता, आणि मी बसल्या जागी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. उधना दरवाजाजवळ एक बाई मुलाला घेऊन अचानक आडवी आली. त्याचा पाय ब्रेकवर जायच्या आधी माझा उजवा पाय बसच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला होता. शेजारच्या माणसाने चमकून माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, 'ड्रायव्हर आहात का?'

मी म्हणालो, हो.