एकट्या बाईच्या नावावर

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या घरी निरोप द्यायला कुणीच नव्हतं. आबा आणि माय दोघंही जनावरांबरोबर छावणीत होते. त्या वर्षी माजलगावच्या धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. आमच्या केज तालुक्यात तर विहिरीला पाणी आहे का, असं कुणी विचारलं तरी माणसं नुसती हसायची. दोन म्हशी, एक गाय आणि तिचं वासरू घेऊन माझे आईबाप चार महिने चारा छावणीत, हिरव्या जाळीच्या सावलीत राहत होते. धाकटा भाऊ बाळू पाण्याच्या टँकरमागं गेला होता. म्हणून मीच बॅग उचलून छावणीवर गेले आणि तिथून युसूफ वडगावच्या स्टँडवर.

आबा म्हशीच्या कानातला बिल्ला उगाच सरळ करत राहिले. माय स्टँडपर्यंत आली. तिच्या लुगड्याला उसाच्या वाढ्यांचा वास येत होता. केजची एस.टी. लागली तेव्हा ती म्हणाली, "रडू नगं सुमे. तिथं कुणी इचारलं तर सांग, दुष्काळ पडला म्हणून न्हाई आले, शिकले म्हणून आले."

खरं तर दोन्ही कारणं खरी होती. अंबाजोगाईला मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला होता आणि पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती. पण पाऊस बरा असता तर आबांनी मला इतक्या लांब पाठवलं नसतं, हे मलाही ठाऊक होतं.

तुमच्यातले जे गावीच राहिले त्यांना वाटतं, शहरात गेलं की माणूस कुणाला उत्तर द्यायला बांधील नसतो. जे माझ्यासारखे आले त्यांना खरं माहीत आहे. पहिली सहा वर्षं मी कॉट बेसिसवर काढली. एका खोलीत चौघी, प्रत्येकीची एक कॉट, कॉटखाली संसार. लॅबमध्ये मी "लई दुखलं का?" म्हणाले की पेशंट वर बघायचे आणि बरोबरीच्या मुली तोंडाला रुमाल लावायच्या. मी "खूप" म्हणायला शिकले. मग स्वतंत्र खोली बघायला लागले तर घरमालक विचारायचे, "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की, "मग भाऊ राहील का सोबत?" तोही नाही म्हटलं की खोली कालच गेलेली असायची.

कोंढव्यात मी आले ती लॅबची नवी शाखा तिथं उघडली म्हणून; राहायला लॅबनंच मागची एक खोली तात्पुरती दिली. त्या गल्लीच्या तोंडाला बेकरी, पलीकडं मारवाड्याचं किराणा दुकान, मध्ये गणपती मंडळाची शेड, मागं मशीद, वरच्या अंगाला केरळी नर्सेसचं हॉस्टेल. लोक हिंदीत सुरुवात करायचे आणि मराठीत संपवायचे, नाहीतर उलट. पहिल्याच आठवड्यात साखर तपासायला एक म्हाताऱ्या बाई आल्या. सुई काढताना माझ्या तोंडून निघून गेलं, "लई दुखलं न्हाई ना?" त्यांनी चष्मा वर केला. "किधर की है बेटी तू?"

"बीडकडची. केज."

"मैं मोमिनाबाद की," त्या म्हणाल्या. मोमिनाबाद म्हणजे आमचं अंबाजोगाई. हे जुनं नाव मी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या खैरुन्निसा आपा. लग्न होऊन पुण्यात आल्या, नवरा गेला, आणि बारा वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. मी रिपोर्ट घरी नेऊन द्यायला लागले. त्या मला ज्वारीची भाकरी करायला लावायच्या, म्हणायच्या, पुण्याच्या बायांना थापता येत नाही.

तीनएक वर्षांनी आपांची मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन जायचं म्हणाली. घर विकायचं ठरलं. एजंट जिन्यावर ये-जा करायला लागले. एके दिवशी आपांनीच विचारलं, "तू कायकू नै लेती?"

मी हसले. मग घरी येऊन हसणं थांबलं. सकाळी बँकेत गेले.

गावाकडून पहिला फोन बाळूचा. "आक्का, त्या भागात कावून घेतीस? माणसं कोन, कुठली. आन् एकट्या बाईला कशाला पाहिजे घर? लगीन झालं की नवऱ्याचं असंलच की." आबांनी फोन घेतला, नुसतंच "पाणी हाय का चोवीस तास?" एवढं विचारलं, आणि हो म्हटल्यावर म्हणाले, "मग घे."

कर्ज मिळालं. अडलं ते सोसायटीत. आपांची बिल्डिंग म्हणजे सहकारी संस्था, नव्या मालकाला सभासद करून घ्यायचा ठराव लागतो. चेअरमन मला भेटून म्हणाले, "भावाचं किंवा वडिलांचं नाव जोडा, लगेच करून टाकू."

आता मायबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती. माय तिची सभासद, अक्षरओळख रात्रशाळेत जेमतेम झालेली. एका वार्षिक सभेत सेक्रेटरी कोऱ्या पानावर अंगठे घेत फिरत होता. मायनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "आधी ठराव वाचून दाखव, मंग अंगठा." तिच्यामागं बसलेल्या सगळ्या बायांनी हात मागं घेतले. पुढच्या वर्षी माय चेअरमन झाली. मी तेव्हा सातवीत होते. तिचा सभेचा कागद मीच वाचून दाखवायचे, त्यामुळे ठराव, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त हे शब्द मला पाढ्यांसारखे पाठ होते.

मी मायला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी पुण्यात हजर.

सभा रविवारी, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. माय आणि आपा मागं शेजारी शेजारी बसल्या. सकाळपासून दोघींचं जमलं होतं, एकमेकींचे गुडघे, पोरी आणि सरकार यांवर बोलून झालं होतं. चेअरमन म्हणाले, "व्यक्तिशः कुणाचाच विरोध नाही. पण एकटी बाई म्हटलं की उद्या कोण येतं, कोण जातं, जबाबदारी कुणाची?"

मी उपविधींचं पुस्तक वाचून गेले होते. "कोणत्या कलमात आहे हे?"

"कलमाचा प्रश्न नाही हो. पद्धत असते."

मागून मायचा आवाज आला. "मी पावनी हाय. बोलू का?" कुणी नाही म्हणायच्या आत ती उभी राहिली. "आमच्या संस्थेत म्हस कुणाच्या नावावर हाय ते बघत्यात. बाईला दाल्ला हाय का न्हाई, ते इचारत न्हाईत. त्याच्यानं दुधाला फॅट वाढत न्हाई."

लोक हसले. चेअरमनही हसले, पण मान हलवत राहिले. ही जागा गेली तर परत कॉटवर जावं लागेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हणाले, "ठीक आहे. मग ठराव तसाच लिहा. 'अर्जदार एकटी स्त्री असल्यामुळे सभासदत्व नाकारले.' सूचक कोण, अनुमोदक कोण, नावं लिहा आणि सह्या करा. मला त्याची नक्कल द्या."

सेक्रेटरीनं पेन उघडलं. चेअरमननी समोर बघितलं. किराणावाल्या शेठनी मोबाइल काढला. पहिल्या मजल्यावरचे दोघे छताकडं बघायला लागले. कुणीच नाव देईना. तेवढ्यात आपा बसल्या बसल्या म्हणाल्या, "मैं बी पंधरा साल से अकेलीच हूं ना यहां. मेरेकू तो किसीने कुछ नै पूछा."

हॉस्टेल चालवणाऱ्या आणि आपांच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या लीना सिस्टर उभ्या राहिल्या. "मी सूचक. हिला घ्या म्हणून लिहा." मग शेठनी मोबाइल खिशात टाकला आणि अनुमोदन दिलं.

मुक्काम हलवण्याच्या दिवशी आपांनी मला किल्ली दिली आणि स्वतः खाली रिक्षात बसून खूप रडल्या. मीही रडले. घर मिळाल्याचा आनंद एवढा जड असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आबा एकदाच येऊन गेले. नळ उघडून पाण्याखाली हात धरून बराच वेळ उभे राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी आबा गेले. वर्षश्राद्धाला मी गावी गेले तेव्हा बाळूनं कागद पुढं केला. हक्कसोडपत्र. "आक्का, तुझं पुण्यात हाय ना सोताचं. मंग गावचं कशाला अडकवून ठेवतीस?" त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की एक घर मिळालं की दुसरं आपोआप सुटतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. शेत तर तोच कसतो, मायला तोच बघतो.

मी म्हणाले, "बाळू, शेत तू कर, मला त्यातलं काय नको. तसं लिहून देते. पण घरावरून नाव काढणार न्हाई."

"राहनार हायेस का इथं?"

"न्हाई."

"मंग?"

"मी इथली हाय म्हणून."

तो उठून बाहेर गेला. दोन महिने बोलला नाही. ते दिवस मला कॉटवरच्या सहा वर्षांपेक्षा लांब वाटले. कोंढव्यातल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी विचार करायचे, हट्ट केला का मी? पण प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं. पुण्यातलं घर मी मिळवलं. गावातलं मिळवावं लागलं नव्हतं, तिथं मी जन्मले होते. एकाच्या बदल्यात दुसरं द्यायचं असतं, असा ठराव मी कुठल्याच सभेत मंजूर केलेला नाही.

मागच्या महिन्यात लॅबमध्ये असताना फोन वाजला. बाळूनं ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्याचा फोटो पाठवला होता. मायचं नाव, त्याचं नाव, आणि खाली माझं, मध्ये आबांचं नाव असलेलं. सोबत एवढंच लिहिलं होतं, "आक्का, तुझ्या खोलीवरचं पत्रं बदलायचंत. निळं टाकू का लाल?"

मी लिहिलं, निळे टाक.