मावशीचा दावा

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वर्षभरातच बाबांनी तिच्या धाकट्या बहिणीशी घरच्या घरी लग्न केलं. ना फोटो, ना पत्रिका. तिला मी आधीपासून मावशी म्हणायचे, नंतरही मावशीच म्हणत राहिले.

बाबा वारले आणि थोड्याच दिवसांत रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं. अभनपूरकडच्या आमच्या ज्या जमिनीकडे तोवर कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिच्यावर सगळ्यांची नजर गेली. एक दिवस शेजारच्या शेतवाल्याने खांब गाडले आणि आमची अर्धी जमीन त्याच्या तारेच्या आत गेली. मावशीने कोर्टात दावा लावला. त्यावर त्याचं उत्तर आलं की ही बाई मयताची बायको नाहीच, मेहुणी आहे. हिला दावा करायचा हक्कच काय?

मग तो मिठाईचा डबा घेऊन रायपुरात तेलीबांध्याला माझ्या घरी आला. दाव्याचं मला त्याच्याकडूनच कळलं. दीदी, दीदी करत म्हणाला, बाबांनी दुसरं लग्न केलं नव्हतं एवढंच कोर्टात सांगा; मग एकट्या वारस तुम्हीच, जमिनीचं आपण आपसात बघून घेऊ. मावशीचं नि माझं कधी फारसं जमलं नव्हतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो डबा दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी मी तो परत पाठवला आणि मावशीला फोन लावला.

"काहून नाही सांगितलं मले?"

"तुले कशाले ओढू कोर्टात," ती म्हणाली. "तुह्या घरी तुले बरं चाललंय."

माझ्या साक्षीच्या दिवशी त्याच्या वकिलाने हिंदीत तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तुम्ही यांना मावशी म्हणता ना? मग या तुमच्या वडिलांच्या पत्नी कशा? मावशी खाली मान घालून बसली होती. मी न्यायाधीशांकडे वळले.

"लग्नात मी अंतरपाटाशेजारी उभी होते. रडत होते म्हणून तिनं मला जवळ ओढून घेतलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आई म्हणून हिचीच सही आहे."

न्यायाधीशांनी ती पुस्तकं आहेत का, असं विचारलं. होती. सासरी येताना मी ती पेटीत घालून आणली होती, का ते मलाही माहीत नाही.

कोर्टाने मावशीला बाबांची विधवा आणि वारस मानलं. सगळे वारस सोबत नसले तरी जमीन बळकावणाऱ्यावर ती एकटी दावा करू शकते, असंही निकालात होतं. पुढे मोजणी झाली आणि शेजाऱ्याने खांब स्वतःच उपटून नेले.

ते बघायला आम्ही दोघी गेलो होतो. परतताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मावशीला जी झोप लागली, ती थेट रायपूरपर्यंत. बस रिकामी झाल्यावर उतरा म्हणून कंडक्टरने दोनदा हाका मारल्या. मीच त्याला हाताने थांबवलं.