टेस्टचा फोन

जुन्याला मरू द्यायचं नाही, हे माझं काम. तारापूरच्या कारखान्यांत वायुगळती ओळखणारी यंत्रं बसवलेली आहेत. त्यांच्यात एक म्हातारी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, बनवणाऱ्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडलं. यंत्रं मात्र अजून धडधाकट आहेत. म्हणून नव्या कर्नलमध्ये वायफायची एखादी दुरुस्ती झाली, की बोईसरच्या आमच्या छोट्या ऑफिसात बसून मी ती उचलते आणि कापून-बेतून जुन्यात बसवते. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला करावा, तसं. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? येतो की. पण गर्वही फार होता.

हे मला काकांनी शिकवलं. ऑफिसातले सगळ्यात वडीलधारे, इथल्याच पाम गावचे. आता निवृत्त होऊन वाडीत रमलेत. यंत्रांत काही बदल चढवला, की ते कारखान्यात फोन लावत. तिथला ऑपरेटर टाक्यांच्या शेडमध्ये जाऊन यंत्राचं टेस्टचं बटण दाबे आणि भोंगा वाजला की फोनवर सांगे. स्क्रीनवर सगळं हिरवं असलं तरी फोन व्हायचाच. "हिरवं काय, शेवाळ पन हिरवंच असतं," काका म्हणत. "कानांनी ऐकल्याशिवाय मी नाय मानत."

ते निवृत्त झाले आणि फोन माझ्याकडे आला. तो ऑपरेटर सफाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा, आवाज असा खणखणीत की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. "वाजला, मॅडम! तुमी ठेवा आता." मी कितीदा तरी ते ऐकलं, हसले. मग हळूहळू मला ती सगळी पद्धतच जुनाट वाटायला लागली.

वायफायच्या कोडमध्ये काकांची एक ओळ होती. बराच वेळ काही पाठवायचं नसलं, की वायफायची चिप वीज वाचवायला झोपते. जाग आल्यावर तिनं क्षणभर थांबावं आणि मगच निरोप पाठवावा, एवढंच ती ओळ सांगे. नव्या कर्नलमध्ये ती नव्हती. तिथं तेच काम दुसरीकडे होत होतं, पण मी बघायचे कष्ट घेतले नाहीत. एक दुरुस्ती आणताना ती ओळ अडगळ म्हणून पुसून टाकली. टेबलावरच्या यंत्रावर तपासलं. ते दिवसभर माझ्याशी बोलत असायचं, त्याला झोपायला सवडच नव्हती. सगळं हिरवं. मी बदल कारखान्यात चढवला आणि फोन केला नाही. भूक लागली होती, डबा उघडून ठेवला होता. याहून मोठं कारण शोधून सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेडमधल्या एका झडपेतून क्लोरीन सुटला. यंत्राला तो लगेच कळला. पण तासन् तास गप्प बसलेली चिप दचकून उठली, न थांबता बोलायला गेली आणि भोंग्याकडे जाणारे तिचे पहिले निरोप हवेतच विरले. भोंगा वाजला तोवर ऑपरेटर शेडच्या आत पोचला होता.

तो वाचला. आवाज गेला. चौकशीत "जुनं उपकरण" असं लिहिलं गेलं आणि मी मान डोलावली.

ओळ मी त्याच संध्याकाळी परत घातली. पण कोडचा इतिहास काही विसरत नाही. ती पुसल्याची नोंद तिथं तशीच आहे, ओळीच्या आधी वजाची खूण आणि वर माझं नाव. कारण नसताना मी ती उघडून बघते. आता मी दर वेळी फोन करते. नवा ऑपरेटर म्हणतो, "बज गया, मैडम," आणि मला ऐकू येतो तो जुना खणखणीत आवाजच. घरी कुकरची शिट्टी झाली तरी कुणीतरी मागून म्हणतं, वाजला, मॅडम. मी वळूनही बघते. मूर्खपणा आहे, कळतं मला.

शेवटी, सांगून टाकायचंच असं ठरवून, मी जुन्या ऑपरेटरच्या घरी गेले. अंगणात खाटेवर बसला होता. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. मी सगळं सांगितलं: ओळ काय होती, कुणी पुसली, चौकशीत मी कशी गप्प बसले. मग तो बोलायला लागला, पण नुसती कुजबुज. मला खाटेजवळ वाकावं लागलं.

"तुमचा फोन आला ना मॅडम, की मी आठवडाभर मास्क लावल्याबिगर शेडात नाय जायाचो. नवीन कायतरी घातलंय, अजून बसलं नसंल, म्हनून." तो दम घ्यायला थांबला. "त्या येळी फोन नाय आला. मला वाटलं, काय बदललंच नाय."

रागावला असता तर बरं झालं असतं. मी ओळीची कबुली द्यायला गेले होते. फोन तर मी हिशेबातच धरला नव्हता.