एकवीस चिरे

सर तळहात टेबलावर पालथा ठेवायचे आणि मुंगीच्या चालीने पुढे सरकवायचे. "थांबलेलं नाही हो हे. दमलंय फक्त."

हे म्हणजे मंगळावरचे डोंगरउतार. सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर, मांडवीत माझे शेजारी. मी मोजणीची कामं करतो, म्हणून मला जमिनीतलं कळतं असा त्यांचा समज. यानांनी काढलेली चित्रं छापून आणायचे आणि मला ओट्यावर बसवून दाखवायचे. डोंगरातून निघालेल्या लांबलचक जिभा, त्यांवर हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या. "ही लाव्ह्याची. थिजली, विषय संपला. आणि ही बर्फाची. दगडधूळ पांघरून झोपलीय असं वाटतं. पण हिचा भरवसा नाही."

पंगतीत पानावर पिठलं पडलं की ते कसं पसरतं हे बघत बसायचे. वाढपी खोळंबायचा. तुम्हीही कधी त्यांच्या पंगतीला बसला असाल, तर हसला असाल.

मग तशाच सुरकुत्या त्यांना राजापूरकडच्या आपल्या गावी दिसल्या, वाडीच्या वरच्या उतारावर. खाली अकरा घरं. "इथं बर्फ नाही, पण चिकणमाती आहे. पाणी प्यायली की तीही चालते." पावसाआधी त्यांनी उतारावर आडवे एकवीस चिरे मांडून घेतले, चुना फासून. रेघ मी यंत्र लावून आखली. रेघ वाकली, तर डोंगर सरकतोय.

पाऊस संपल्यावर तालुक्याहून साहेब बघायला येणार होते. मी तासभर आधी पोचलो. मधले सात चिरे हातभर खाली आले होते.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. मला आधी माझीच लाज वाटली. लोक म्हणणार, याला सरळ रेघ आखता येत नाही. गुरांनी ढकलले असतील, असं स्वतःला सांगत मी एकेक चिरा उचलला. प्रत्येकाखाली गवत पिवळं पडलेलं, नेमकं चिऱ्याच्या मापाचं. म्हणजे चिरा हलला नव्हता. जमीन त्याला घेऊन चालली होती. हे मला तेव्हाच कळलं. तरी मी सातही रेषेत नेले, आणि त्या पिवळ्या चौकोनांवर पायाने पाचोळा ओढला.

साहेबांनी दोरी धरली. सरळ. वाडीतला एकजण म्हणाला, "सर, मंगळावरून परत आलात की चहा घ्या हां." सगळे हसले. मीही.

सरांनी पाचोळ्याकडे पाहिलं, मग माझ्या चुना लागलेल्या हातांकडे. "तुम्ही आखलेली रेघ. सरळच असणार," एवढंच म्हणाले. त्यानंतर मला कधी ओट्यावर बोलावलं नाही. त्याच थंडीत सर वारले.

यंदा आषाढात मी एकटाच वर गेलो. रेघ धनुष्यासारखी वाकलेली. मधला चिरा पुरुषभर खाली. वरच्या अंगाला जमीन फाटली होती. भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला.

उतरून पहिल्या घराच्या पडवीत उभा राहिलो. काकी तांदूळ निवडत होत्या.

"काकी, सगळ्यांना घ्या आणि आजच शाळेत चला. डोंगर सरकतोय."

"आता तुम्ही पण सरांसारखे?" त्या हसल्या. "दगड सरळ होते ना तेव्हा? तुम्हीच तर होतात तिकडे."

"सरळ नव्हते, काकी," मी म्हणालो. "मी केले होते."