रुमालाखालचा भाव

माझ्या थोरल्या मामांइतका संशयी माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. देवळात एका हातानं घंटा वाजवताना दुसऱ्या हातानं ते कमरेची पैशाची पिशवी घट्ट दाबून धरत. कुणी वाटेत रामराम घातला, की "कावून बे, आज कशापायी रामराम?" असं त्यालाच विचारत. दुकानदारासमोर तर त्यांच्या संशयाला नुसता ऊत येई. तो तराजू उचलायचा तेव्हा मामांची नजर त्याच्या अंगठ्यावर. मग पारडी बदलायची, मग वारा पडेपर्यंत थांबायचं. एकदा गुळाच्या पारड्यावर माशी बसली. "आधी ती उडू दे, मग मोज," म्हणून मामा अडून बसले. दुकानदार हाकलून दमला, पण माशीच ती, गूळ सोडून जाते कशाला? बाजार उठत आला तरी मामा जागचे हलले नाहीत, आणि घरी आले ते लढाई जिंकल्यासारखे.

मामा हद्दीजवळच्या कडा गावात राहत. घरापासून हाकेच्या अंतरावर किराणा मालाचं चांगलं दुकान होतं, पण तिथून त्यांनी मिठाचा खडासुद्धा कधी आणला नाही. "जवळचा दुकानदार आपली गरज वळखून असतो," हे त्यांचं म्हणणं. म्हणून हळद एका गावच्या बाजाराची, मिरची दुसऱ्या गावची आणि मीठ तर थेट हद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातलं. येताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे, त्यात वाचलेलं सगळं जाई, आणि वहाणा झिजत त्या वेगळ्याच. मी एकदा हे समजावून सांगायला गेलो, तर माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत म्हणाले, "त्या दुकानदारानं तुला काय चारलंय?"

मूलबाळ नव्हतं. मामी दिवसभर ओट्यावर बसून वाट बघायची. ती फारशी बोलत नसे, पण एकदा माझ्यासमोरच तिचा बांध फुटला.

"आवं, दिवस उगवायला जाता, बुडल्यावर येता. तुमच्या एका दिवसाची किंमत किती, ती तरी सांगा."

"दिवसाला कसले पैशे? त्यो तर फुकटच उगवतो."

"उगवतो फुकट. पन मला त्यो एकटीला काढावा लागतो."

मामांनी यावर बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लसणासाठी निघून गेले.

त्यांचा खरा चमत्कार मात्र रुमालाचा. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात आणि शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामांनी ही रीत वांग्याला लावली. भोपळा घेतानाही खांद्यावरचा रुमाल काढून दुकानदाराच्या हातावर टाकायचे. एकेक बोट धरून भाव उतरवत न्यायचा. सगळा पंजा धरला की सांगितलेला भाव कबूल. तो पंजा त्यांनी जन्मात कधी धरला नव्हता. "तोंडानं मानूस लई खोटं बोलतं," ते म्हणत, "हातात हात असला का बोटाला खोटं बोलता येत न्हाई." भाजीवाली बाई असली की पंचाईत व्हायची. परक्या बाईचा हात कसा धरणार? मग मामीला बाजारात न्यायचे आणि तिच्या पदराखालून भाव करवायचे. त्यासाठी आधी घरी तिचा हात रुमालाखाली धरून तिला ही बोटांची भाषा शिकवली. शिकवताना मामी लाजून लाल झाली होती. लग्नानंतर इतका वेळ त्यांनी तिचा हात धरल्याचं दुसरं उदाहरण नसावं.

पुढे मामी तापानं अंथरुणाला खिळली. मी तेव्हा तिथंच होतो. हकिमानं मामांना अंगणात बोलावून हळू आवाजात काही सांगितलं आणि काढ्यासाठी खडीसाखर, केशर आणायला सांगितलं. मामा उठले ते सरळ त्या हाकेच्या अंतरावरच्या दुकानात गेले. मी मागोमाग होतो. दुकानदारानं भाव सांगितला. मामांनी पिशवी सोडली आणि पैसे ठेवले. तराजूकडे पाहिलंही नाही. दुकानदार इतका चपापला, की त्यानं मामांचा रुपया दगडावर दोनदा वाजवून बघितला.

आम्ही परतलो तेव्हा चुलीवरचं काढ्याचं पाणी अजून तापायचं होतं. मामांना दारात बघून मामी मान उचलून म्हणाली, "इतक्या लवकर? कावून? हकीम काय म्हनला?"

"काय न्हाई. उतरंल म्हनला ताप."

"मग भाव का केला न्हाई?"

"केला की. लई घासाघीस केली."

मामीनं वाकळेच्या कडेतून हात थोडा पुढं केला. "कितीला तोडला, दाखवा."

मामा तिच्याजवळ बसले. वाकळेखाली हात घातला. मला दिसत होतं ते त्यांचं तोंड. तोंडानं खोटं बोलणं त्यांना जमलं होतं. बोटं दाबायचा त्यांनी प्रयत्न केला असावा. मग वाकळ हलायची थांबली.

"सगळा पंजा धरला तुमी," मामी हळूच म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. मग म्हणाली, "आसू द्या. आता सोडू नका."

ती जाईपर्यंत मामा घरातून हलले नाहीत.

नंतर ते पुन्हा लांबच्या बाजारांना जाऊ लागले. मला वाटलं, जुना स्वभाव. एकदा मी बरोबर गेलो. खांद्यावर रुमाल नव्हता. दुकानदारानं सांगितला तो भाव दिला, सामान बांधलं आणि रमतगमत परत निघाले. ऊन कलायला लागलं होतं. मी न राहवून विचारलं, "मामा, भाव करायचा नाही, तर इतक्या लांब येता कशाला?"

"घरी लवकर जाऊन काय करू रे?" ते म्हणाले, आणि वाटेतल्या लिंबाखाली आणखी थोडं बसले.