धबधब्याची फ्रेम

समस्त कोल्हापूरकर बंधू-भगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या दोन खोल्यांच्या घरात एका धबधब्याचा देव झाला होता. ही घटना कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही, महापालिकेनेही दखल घेतली नाही. म्हणून पन्नाशीच्या उंबऱ्यावर मीच ती जबाबदारीने जाहीर करते आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात लेथवर कामाला होते. आवाज असा की शेजारी मशिनं घरघरत असतानाही त्यांची हाक कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत पोचायची. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला, आणि त्यापाठोपाठ ते. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. सगळ्या मराठी भाषेतून त्यांच्या वाट्याला एकच शब्द उरला होता : ‘च्यायला’. तहान लागली, च्यायला. कूस बदलायची आहे, च्यायला. आईची मावशी अंगारा लावायला वाकली, तिच्या तोंडावर, च्यायला. मावशी पुन्हा आली नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहतो. समोर काहीतरी ठेवा, रोज वाचून घ्या, बोलायला लावा.

हे ऐकून मामाच्या अंगात आलं. जयसिंगपुरात त्याचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानात कापडापेक्षा पोस्टरं जास्त दिसायची. उधळलेले घोडे, गरुड, सूर्योदय, आणि प्रत्येकाच्या खाली एक उपदेश. तेव्हा हे पीक सगळीकडेच आलं होतं. क्लासात, पतसंस्थेत, केस कापायच्या दुकानात. डोंगर कुठल्या तरी थंड देशातला, उपदेश मात्र आपल्याला.

“अक्का, जे डोळ्यासमोर असतंय तेच डोक्यात जातंय,” मामा आईला म्हणाला आणि पिशवीतून गुंडाळी काढली. निळ्या-पांढऱ्या धबधब्याचं चित्र. खाली जाड अक्षरात ‘प्रयत्न सोडू नका’.

फ्रेम करायला मी आणि मामा गेलो. फ्रेमवाला काच कापत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “देव हाय का मयत?”

“धबधबा हाय,” मामा म्हणाला.

“त्ये दिसतंय की ओ. पण फ्रेम कुठली करू? देवाला सोनेरी, वर लाल बल्ब. मयताला काळी, चंदनाचा हार.”

मामा गोंधळला. “आजारी माणसाच्या म्होरं लावायचाय.”

“मग मयताची नगं,” फ्रेमवाल्यानं निकाल दिला. “देवाचीच करतो.”

अशा रीतीनं सोनेरी काठ आणि लाल बल्ब लेवून धबधबा घरी आला आणि आप्पांच्या पायथ्याच्या भिंतीवर चढला. पुढचं काम आईनं केलं. ती शिरोळकडची, लिंगायत घरातली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय चहाला शिवत नसे. दुसऱ्या दिवशी पूजा उरकून ती त्या चित्रासमोर थबकली. धबधब्याचं पाणी खाली एका गोल, काळ्या दगडावर पडत होतं.

“अगं, हा तर अभिषेक हाय की!” ती म्हणाली, आणि तीन बोटांनी काचेवर, बरोबर त्या दगडाच्या जागी, विभूती ओढली.

झालं. सोमवारी बेल. मग शेजारणी. मग कुणीतरी ठेवलेला नारळ. मी कॉलेजात शिकणारी, मोठी विज्ञानवादी. पण परीक्षेला निघताना त्या धबधब्याला पाठ दाखवून जायची छाती मलाही झाली नाही.

रोज दिवेलागणीला लाल बल्ब लागायचा आणि आई आप्पांच्या उशाशी बसायची.

“म्हणा, प्रयत्न.”

“च्यायला.”

“सोडू नका.”

“च्यायला!”

“बघितलंस? आज जोरात म्हणाले,” आई मला सांगायची. मला हसू आवरायचं नाही. मला बघून आप्पाही अर्ध्या तोंडानं हसायचे, आणि शेवटी आईही पदर तोंडाला लावायची. त्या वर्षात आमच्या घरात जेवढं हसू झालं, ते सगळं त्या बल्बखाली झालं.

पण हात हलला नाही. पाय तर नाहीच. आईनं पूजा वाढवली, उपास वाढवले, आणि पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा आप्पांनी मान बाजूच्या कोऱ्या भिंतीकडे वळवायला सुरुवात केली. आई त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून पुन्हा धबधब्याकडे फिरवायची. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, “म्हणा, प्रयत्न,” आणि आप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. उरलेला तो एक शब्दही गेला होता.

माझी आई, जिनं आयुष्यात कुणाला ‘अरे’ म्हटलं नाही, ती त्यांच्या कानाशी वाकून विनवत होती, “अहो, एकदा द्या की शिवी. मला द्या. एकदाच.”

थंडी सरायच्या आत आप्पा गेले.

पुढं नोकरीत मी ज्या ज्या हपिसात बसले तिथं असली पोस्टरं होतीच, आणि माणसं त्यांच्याकडे कशी बघतात ते मी बघत आले. साहेबाच्या खोलीतून बाहेर पडलेला माणूस क्षणभर डोंगराकडे बघतो, देवळासमोरून जाताना बघावं तसं. फरक एवढाच की देव पावला नाही तर त्याच्याशी भांडता येतं. आईनं तिच्या लिंगाशी भांडण केलं, अबोला धरला, परत बोलली. धबधब्याशी तिला भांडता येईना. त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं ना, प्रयत्न सोडू नका. म्हणजे आप्पा गेले तर सोडले कुणी? हा प्रश्न ती मोठ्यानं कधी विचारायची नाही. पण उपास कमी पडले का, एवढं मात्र मला भाजी निवडताना सतरांदा विचारायची.

आप्पांचे दिवस झाल्यावर मामा एका गृहस्थाला घेऊन आला. गडमुडशिंगीचे शेतकरी, मामाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची बायको लकव्यानं पडून होती. ते चपला काढून आत आले आणि कुणाशी बोलायच्या आधी फ्रेमला हात जोडून उभे राहिले.

“वैनी,” ते म्हणाले, “लई जागृत हाय म्हणं. मालक ह्येच्या म्होरं बोलायला लागलं हुतं म्हणं. चार दिवस न्हिऊ का? गुण येतोय न्हवं?”

मामा खाली फरशीकडे बघत बसला. सांगताना त्यानं शेवट सांगितला नव्हता, हे उघड होतं. मी काहीतरी बोलणार तोच आई उठली. स्टुलावर चढून तिनं फ्रेम उतरवली, काचेवरची विभूती पदरानं पुसली, फ्रेम त्यांच्या हातात दिली, आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, “गुण कुठला यायला, पावणं! पण न्या तुम्ही, रिकामी भिंत बघवत न्हाय हो.”