खताच्या पोत्यातला कागद

आप्पा पोत्याची शिवण कधी कापत नसत. एका टोकाची नेमकी गाठ शोधायचे, सुतळी सर्रकन ओढून काढायचे, चार बोटांभोवती गुंडाळायचे आणि खिशात घालायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "टाकायचं नसतंय. लागतंय कवा तरी."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. घरच्यांना त्याचा वैताग येतो आणि अडल्या वेळी सगळे त्याच्याकडेच धावतात. आमचे आप्पा बेंबळीजवळच्या एका गावात, सोसायटीच्या गोदामावर होते. मी तिथं नवा सचिव. वयानं माझ्या वडिलांएवढे, पण रीतीप्रमाणे मला 'भाऊसाहेब' म्हणायचे. त्यांच्या घराला लागूनच मी खोली घेतली होती. मधे एकच भिंत, त्यामुळं त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यांना काय काय बोलतात ते आम्हा नवराबायकोला पाठ झालं होतं.

काकींचं बोलणं बहुतेक करून माळ्याबद्दल असायचं. माळ्यावर वाकडे खिळे होते, फुटक्या कंदिलाच्या काचा होत्या, सोसायटीच्या चेअरमनांनी टाकून दिलेली, वेत तुटलेली खुर्चीसुद्धा होती. आणि होते कागद. तेव्हा खताचं पोतं बाहेरून तागाचं आणि आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीचं असायचं. त्या आतल्या पिशवीला गावात सगळे कागदच म्हणत. खत सुट्टं विकलं की कागद उरायचा. आप्पा तो झटकायचे, घडी घालून काखेत मारायचे आणि घरी आणायचे.

"वर कागद आन खाली आमी," काकी म्हणायच्या. "एक दिस माळा बसला तर म्या त्याच्याखालीच मरणार."

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. अशाच एका विहिरीच्या पायऱ्यांवरून घागर घेऊन चढताना काकी घसरल्या आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय टेकायचा नाही असं बजावून घरी पाठवलं.

आता पाय टेकायचा नाही म्हणजे शेताकडं, आडोशाला जायचं कसं? एकुलती मुलगी लोहाऱ्याला दिलेली, अंगावर पिणारं पोर घेऊन आलेली. चार दिवस तिनं घमेलं दिलं-घेतलं आणि परत गेली. मग आप्पांनीच सुरू केलं. पारावर कुणीतरी विचारलं, बाईमाणसाचं असलं करायला काही वाटत नाही का? आप्पा म्हणाले, "जल्मभर तिनं माझं केलं, तवा कुणी इचारलं न्हाय."

पण घमेलं घासायचं तर पाणी लागतं. पाणी गाडीवरच्या टिपाडातून यायचं आणि घरटी दोन घागरी मिळायच्या. त्यात पिणं आलं, रांधणं आलं, सगळं आलं.

एके सकाळी आप्पांनी माळ्यावरून खुर्ची उतरवली. उरलासुरला वेत काढून टाकला, खाली लोखंडी बादली ठेवली. कागद मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला बूड होतंच, वरच्या अर्ध्याला सुतळीची गाठ मारून बूड केलं. एकाचे दोन झाले, म्हणून भलतेच खूश झाले. पिशवी बादलीत घालून तिची कड बाहेरून दुमडली आणि तळाशी चुलीतली मूठभर राख टाकली. काम झालं की आणखी एक मूठ राख, तोंड पिळायचं आणि पिशवी उचलायची. बादलीला डाग नाही. आजकाल शहरात कमोडची खुर्ची विकत मिळते, तिच्या भांड्यात घालायच्या पिशव्याही मिळतात. ते दुकानात पाहिलं तेव्हा मी उगाचच तिथं उभा राहिलो.

काकींना उचलून खुर्चीवर बसवलं, प्लास्टरचा पाय ज्वारीच्या पोत्यावर ठेवला. काकींनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टेकले आणि म्हणाल्या, "चेअरमन झाले की वं म्या."

मला वाटलं, सुटला प्रश्न. पण काकी वाळत चालल्या. डोळे आत गेले, ओठांना चिरा पडल्या. उठवून बसवलं की भोवळ यायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आप्पांनी जाऊन विचारलं तेव्हा ते म्हणाले, पोटात अन्नपाणी गेलं नाही तर पायाआधी बाईच जाईल. आप्पा शक्तीच्या औषधाची बाटली घेऊन आले आणि रोज चमच्यानं पाजू लागले. रात्रीची झोप उडालेला माणूस गोदामात पोती मोजताना चुकायला लागला. मला खरोखर भीती वाटायची.

माझी बायको दुपारी काकींची वेणी घालायला जायची. तिनं ओळखलं. भाकरीतली अर्धी काकी उशाखाली सारायच्या आणि आप्पा कामावर गेले की दारातल्या कोंबड्यांना टाकायच्या. पाणी नुसतं ओठाला लावायच्या.

"काकी, का असं करता?"

"आत गेलं न्हाय तर भाईर कशाला यील, बाई?"

मग त्यांनी मागच्या दाराकडं बोट केलं. परसातल्या बाभळीच्या कुंपणावर कागद वाळत घातले होते, स्वच्छ धुतलेले. आप्पा पिशवी खड्ड्यात रिकामी करायचे आणि कागद धुऊन पुन्हा वापरायचे. चांगला, न फाटलेला कागद फेकायचा हे त्यांना सुचलंच नव्हतं. एक कागद धुवायचा तर तांब्यामागून तांब्या जायचा. तेवढं पाणी उरावं म्हणून ते स्वतः अंघोळ करत नव्हते आणि पीतही थोडंच होते.

"त्येंच्या तोंडचं पाणी माझ्या घाणीवर चाललंय," काकी म्हणाल्या. "बोलले तर ऐकायचे न्हाईत. मंग म्याच खायाचं कमी केलं."

दुसऱ्या दिवशी गोदामात मी आप्पांना सगळं सांगितलं. ते खताच्या थप्पीवर बसले.

"मला वाटलं, दुखण्यानं जेवंना."

"आप्पा, तो कागद धुऊ नका. टाकून द्या."

"चांगला हाय की वं अजून."

माझा संताप झाला. "कागद चांगला आहे, आणि काकी?"

ते उठले, गोदामाला कुलूप घातलं आणि घरी गेले. दिवसाढवळ्या गोदाम बंद करून ते गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. थोड्या वेळानं मी आणि माझी बायकोही गेलो.

आप्पांनी काकींची बाज मागच्या दाराशी ओढून आणली होती. परसातला खड्डा आणखी खोल केला होता. आम्ही पोचलो तेव्हा ते भरलेली पिशवी घेऊन खड्ड्यापाशी उभे होते. ती रिकामी केली, कागदही त्यातच टाकला आणि वर दोन फावडी माती ओढली.

"बघितलंस? टाकला. धुणार न्हाय."

"दिसलं," काकी म्हणाल्या. "माझा डोळा लागला की काढून धुत्याल. तुमी मला ठाऊक हाय."

आम्हाला हसू आलं. आप्पांना आलं नाही, कारण काकी खरं तेच बोलत होत्या. त्यांनी फावडं खाली ठेवलं. मग आत गेले, विळा आणला, काठीनं कागद वर ओढला आणि वरपासून खालपर्यंत चिरला. मग आडवा चिरला. नव्या धोतराला विळा लावावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. चिंध्या झाल्या तशा त्यांनी खड्ड्यात ढकलल्या आणि माती ओढून पायानं दाबली. कुंपणावरचे सगळे कागद गोळा केले, माळ्यावरचा गठ्ठा उतरवला आणि सगळा ढीग काकींच्या बाजेशी आणून ठेवला.

"हे समदे असेच जाणार. तुझ्या देखत फाडीन. तू जेव."

काकींनी त्या ढिगावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "पाणी द्या."

आप्पांनी तांब्या भरून दिला. काकींनी तो तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मलाही तिथं उभं राहवेना.

काकी पुढं काठी टेकत चालायला लागल्या. माझी बदली झाली. आप्पांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्यांच्या मागं काकी बरीच वर्षं राहिल्या, एवढं लोहाऱ्याच्या मुलीकडून कळलं.

पण आप्पा आठवले की मला कागद फाडले त्या दिवशीची दिवेलागण आठवते. गल्लीत कुणाकडं चिमूटभर मीठ मागायला न गेलेला हा माणूस हातात परात घेऊन आमच्या दारात उभा होता. बोटांना ओलं पीठ चिकटलेलं, कपाळालाही लागलेलं.

"सूनबाई, वाटीभर पीठ हाय का? हुतं तेवढं संपलं. तिला आणिक एक भाकरी पायजे म्हणतीया."

हे त्यांनी असं मोठ्यानं सांगितलं की पलीकडच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. माझी बायको लगबगीनं आत गेली आणि पीठ घेऊन आली. पण आप्पांचं परातीकडं लक्षच नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, "आणिक एक, भाऊसाहेब."